सांगलीचे कुटुंब आणि एकतीस फुटी शिडाची बोट: पहिल्या हंगामाच्या तयारीचे प्रकरण

(ओळख पटेल असे तपशील, बोटीचे नाव आणि आधीच्या मालकाची माहिती वगळली आहे.)

पार्श्वभूमी

विश्रामबागेत राहणारे पाच जणांचे कुटुंब. पती ४२ वर्षांचे, कुपवाड एमआयडीसीत लेथ आणि मिलिंगचे छोटे वर्कशॉप चालवणारे. पत्नी ३८ वर्षांच्या, एका पतसंस्थेत हिशेबाच्या कामाला. थोरली अकरा वर्षांची, सहावीत. धाकटा सहा वर्षांचा, पहिलीत. घरात पतीच्या आई, वय ६९.

बेत असा होता की दिवाळीनंतरचे शाळेचे दुसरे सत्र बोटीवर राहायचे आणि गोव्यातून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊन परत यायचे. एक प्लॉट विकून ३० लाख रुपये हाताशी आले होते. पत्नीला बिनपगारी रजा मिळणार होती, वर्कशॉप भाऊ सांभाळणार होता. शाळेत अर्ज दिला तेव्हा वार्षिक परीक्षेला मुले हजर राहतील या अटीवर मुख्याध्यापकांनी मान्यता दिली.

शिडाच्या बोटीला घरातल्या कुणाचा हात लागलेला नव्हता. पाण्याची भीती मात्र कुणालाच नव्हती. पती आणि थोरली कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेले. पतींनी तरुणपणी होड्यांच्या शर्यतीत वल्हे मारलेले आणि २०१९ च्या महापुरात गल्लीत आलेल्या होडीतून लोकांना बाहेर काढायला हात लावलेला. या धिटाईचा पुढे उपयोग झाला, पण सुरुवातीला तिनेच सगळ्यात जास्त अडथळा आणला. नदीत पडलेला माणूस पोहून काठ गाठतो. समुद्रात पडलेला माणूस कितीही पट्टीचा पोहणारा असला, तरी चार नॉटने, म्हणजे ताशी चार सागरी मैलांनी, पुढे जाणारी बोट मिनिटभरात त्याच्यापासून सव्वाशे मीटर लांब जाते आणि लाटांत डोके दिसेनासे होते. लाइफजॅकेटचा विषय निघाला की घरात हसण्यावारी जायचा. तो हसण्यावारी जाणे थांबायला दोन महिने लागले.

अडचण नेमकी कुठे होती

कुटुंबाचे पहिले प्रश्न बोटीबद्दलचे होते: तीस फुटी घ्यावी की छत्तीस, एका बुडाची की दोन बुडांची, नवी की वापरलेली. नवशिक्या कुटुंबांचे प्रश्न बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात आणि बोट विकत घेईपर्यंत इथेच फिरत राहतात.

खरी अडचण माणसांच्या हिशेबात होती. बोटीवर मोठी माणसे दोन. पती सुकाणू धरणार, शिडे ओढणार, इंजिन बघणार, आणि पत्नी मुले व स्वयंपाक सांभाळणार, अशी वाटणी त्यांनी मनात पक्की केली होती. पतीने एकट्यानेच पाच दिवसांचा कोर्स करायचा आणि "बाकीचं मी तिला दाखवीन" असे ठरले होते. या वाटणीत पतीचा पाय मोडला, ताप आला किंवा तोल जाऊन तो पाण्यात पडला, तर बोटीवर उरतात ती एक प्रवासी बाई आणि दोन मुले. पत्नीनेच हे एका वाक्यात विचारले: "अहो, तुम्हीच पडलात तर?"

त्यातून एक कसोटी ठरली आणि पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर घासून पाहिला गेला. पती शुद्धीवर नाही असे धरून पत्नीने दिवसाउजेडी बोट थांबवायची, रेडिओवर मदत मागायची, शिडे उतरवून इंजिनावर बोट ओळखीच्या खाडीत आणायची आणि नांगरायची. हे जमल्याशिवाय मुलांना घेऊन बंदर सोडायचे नाही.

विचारात घेतलेले पर्याय

बोट लगेच घेऊन तिच्यावरच शिकणे हा पतींचा आवडता पर्याय होता. शिकण्याचे पैसे वाचतात हे खरे. पण न तपासलेल्या जुन्या बोटीवर नवशिका माणूस शिकतो तेव्हा चूक आपली की बोटीची हेच त्याला कळत नाही.

पूर्ण हंगामासाठी पगारी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा अनुभवी नाखवा, ठेवणे हा दुसरा पर्याय. कोकणचा तांडेल खडक, वारा, जाळ्यांच्या जागा तोंडपाठ सांगतो, त्याच्याइतका चांगला नकाशा मिळत नाही. पण तो असेपर्यंत कुटुंब प्रवासीच राहते. शिवाय एकतीस फुटांत पाचवा माणूस झोपवायचा तर आजींना कधीच येता आले नसते.

परदेशात बोट घेणे कागदपत्रे, कर आणि मुलांची शाळा यांत अडकले. त्यावर फार वेळ गेला नाही.

शेवटी पायऱ्यापायऱ्यांनी जायचे ठरले. दोघांनी वेगवेगळे शिकायचे, मग दुसऱ्याच्या बोटीवर मुलांसह आठवडाभर मुक्काम करून पाहायचे, मग बोट, मग दुरुस्ती, आणि पहिल्या टप्प्यांना पगारी तांडेल.

निर्णय पहिला: दोघांनी वेगवेगळे शिकणे

पती आणि पत्नी एकाच बोटीवर शिकायला बसले की अवघड क्षणी टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, पतीच्या हातात जातो, हे जवळपास ठरलेले. म्हणून दोघांचे कोर्स दोन वेगळ्या आठवड्यांत घेतले. त्या काळात मुलांजवळ आजी होत्या. पाच दिवसांत दोघांनाही वळणे, वाऱ्याच्या तोंडाला जाणे, शीड लहान करणे म्हणजे रीफ घेणे आणि बोयाला, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या पिंपाला, बोट बांधणे इतपत येऊ लागले.

पत्नीसाठी सगळ्यात मोलाचा ठरला तो बोट जागच्या जागी थोपवण्याचा डाव. जिब, म्हणजे पुढचे छोटे शीड, उलट्या बाजूला ओढून धरायची, मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, थोडी सैल सोडायची, टिलर वाऱ्याच्या खालच्या बाजूला बांधून टाकायचा. बोट शांत होते आणि एखाद्या नॉटने आडवी सरकत राहते. मग रेडिओवर बोलायला, मुलाला पाणी पाजायला, विचार करायला दोन्ही हात मोकळे. नवशिक्याला वेगात जायला शिकवतात, त्याआधी हे शिकवावे असे आमचे मत आहे.

रेडिओची तयारी घरीच झाली. व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनेलवर काय बोलायचे ते कागदावर लिहून काढले: बोटीचे नाव तीनदा, जागा, काय झाले, किती माणसे. थोरलीनेही ते पाठ केले. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक दोन्ही फोनमध्ये गेला. किनाऱ्यापासून पाच-सहा सागरी मैलांवर फोनची रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून भरवसा रेडिओवर, फोन जोडीला.

निर्णय दुसरा: मुक्कामाची चाचणी

गोव्यात मांडवीच्या पात्रात बोयाला बांधलेली एक बोट आठवड्यासाठी भाड्याने मिळाली. बंदर सोडायचे नव्हते, फक्त राहायचे होते. या आठवड्याने जितके शिकवले तितके दुसऱ्या कशानेच नाही.

दीडशे लिटरची टाकी अडीच दिवसांत रिकामी झाली. नळाला बटणावरचा प्रेशर पंप होता. घरच्या सवयीने नळ सोडून भांडी घासली की पाच लिटर कधी गेले ते कळत नाही. पिणे आणि स्वयंपाक यांना माणशी चार लिटर धरले तर चौघांचे रोजचे १६ होतात. अंघोळ-भांड्यांसह माणशी नऊवर आणले तर ३६, म्हणजे टाकी चार दिवस पुरते. पुढे आपल्या बोटीवर त्यांनी पायाने दाबायचा पंप बसवला. भांडी बादलीने घेतलेल्या समुद्राच्या पाण्यात, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. खाडीचे गढूळ पाणी त्यासाठीही घ्यायचे नाही.

दुसरा धडा उकाड्याचा. दुपारी आत बसवत नाही, आणि मुले चिडचिड करतात ती बहुधा उकाड्याने. डेकवर बूमवरून, म्हणजे मुख्य शिडाच्या आडव्या दांड्यावरून, टाकायचे ताडपत्रीचे छत आणि बारा व्होल्टचे तीन पंखे यादीत सगळ्यात वर गेले. फ्रीज खाली आला.

धाकट्याला बोट लागली ती बांधलेल्या जागीच, फेरीबोटींच्या लाटांनी. डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे गोळीचा डोस लिहून घेतला. गोळी उलटी सुरू झाल्यावर पोटात टिकत नाही, निघण्याआधी तासभर द्यावी लागते. सोबत ओआरएस, कोरडे टोस्ट, आणि खाली पुस्तक-मोबाइल बंद. लहान मुलाला दोन-तीनदा उलटी झाली की पाणी कमी पडते, म्हणून चमच्याचमच्याने पाणी पाजायचे काम थोरलीकडे दिले.

आजी दोन दिवस राहिल्या. शिडीच्या चार पायऱ्या उतरताना गुडघ्यांना त्रास झाला आणि हाताने दांडा मारायचे संडास त्यांना झेपेना. त्यांनी बोटीवर राहायचे नाही, किनाऱ्यावरच्या खोलीत अधूनमधून यायचे, असे तिथेच ठरले. हा निर्णय बोट घेतल्यावर झाला असता तर कदाचित एक मोठी आणि महाग बोट त्यांच्यासाठी म्हणून घेतली गेली असती.

निर्णय तिसरा: बोट आणि तिची किंमत

घेतलेली बोट फायबरग्लासची, एकतीस फुटी, चार दशके जुनी. वजन सुमारे साडेचार टन, त्यातले १.८ टन खालच्या कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या जड कण्यात, पाण्याखाली खोली १.६ मीटर, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन. किंमत १४ लाख. जुन्या बोटीच्या खरेदीवर निम्म्याहून जास्त पैसे घालवायचे नाहीत, हा आकडा आधीच ठरवला होता म्हणून १९ लाखांची देखणी बोट सोडून दिली. नोंदणीची कागदपत्रे आणि विमा यांसाठी तपासनिसाचा अहवाल लागणारच होता. तो सौद्याच्या आधी घ्यायला हवा होता. टोकन मात्र आधी दिले गेले.

अहवालात तीन गोष्टी गंभीर निघाल्या.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा. सहा मिलिमीटर स्टेनलेस, पंधरा वर्षांहून जुन्या. खालच्या टोकाला, जिथे तार दाबून बसवलेली असते, तिथे एका तारेचे दोन धागे तुटलेले. अशा तारा साधारण दहा-बारा वर्षांनी बदलतात, कारण गंज आत, डोळ्याआड लागतो. एक तार तुटली तर डोलकाठी खाली येऊ शकते. पतींचा पहिला विचार सगळे भाग कुपवाडला बनवून घेण्याचा होता. तिथे एक रेघ ओढावी लागली. पिना त्यांनी ३१६ दर्जाच्या स्टेनलेसमधून लेथवर काढल्या, आणि त्या उत्तम झाल्या. ३०४ खाऱ्या हवेत लवकर गंजते, त्यामुळे वर्कशॉपमधला शिल्लक माल वापरायचा नाही हे त्यांना पटले. तारा आणि दाबून बसवलेली टोके मात्र तयारच घेतली. त्या जोडाची ताकद डोळ्याने तपासता येत नाही.

दुसरी गोष्ट बुडातली सात भोके. सिंक, संडास, इंजिनाचे थंड पाणी यांसाठी बोटीच्या तळाला पाण्याखाली भोके असतात आणि प्रत्येकावर एक कॉक असतो. त्यांतले तीन जाम होते. पतींनी सांगलीच्या हार्डवेअर दुकानातून पितळी बॉल व्हॉल्व्ह आणून ठेवले होते, चकचकीत आणि स्वस्त. घरच्या नळाला ते ठीक. समुद्राच्या पाण्यात पितळेतले जस्त विरघळून जाते, मागे गुलाबीसर, भुसभुशीत तांबे उरते आणि एक दिवस हातात मोडून येते. दीड इंची भोकातून मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येते, तळात साचलेले पाणी उपसणारा बिल्ज पंप त्याला पुरत नाही. सातही कॉक काशाचे बसवले, प्रत्येक नळीला दोन-दोन क्लॅम्प, आणि शेजारी मऊ लाकडाची निमुळती गुडदी दोरीने बांधलेली. व्हॉल्व्ह दुकानदाराने परत घेतले.

तिसरा गॅस. सिलिंडर सिंकखाली, केबिनच्या आत होता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. घरात तो गळला तर दारातून निदान काही बाहेर जाऊ शकतो. बोटीत तो तळाला साचतो आणि बिल्ज पंपाच्या ठिणगीची वाट बघतो. पाच किलोचा सिलिंडर मागे कॉकपिटमधल्या बंद पेटीत हलवला, पेटीच्या तळाला थेट समुद्रात निघणारी नळी दिली, गॅस ओळखणारे यंत्र केबिनच्या तळाशी लावले. स्वयंपाक झाला की आधी सिलिंडर बंद, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझली की मग शेगडीचे बटण. पत्नीने ही सवय महिनाभर आधी घरच्या शेगडीवर लावून घेतली.

दुरुस्ती आणि साहित्याचा पतींचा अंदाज ३ लाखांचा होता. प्रत्यक्षात ७ लाख ८० हजार लागले: तारा २ लाख १० हजार, कॉक व नळ्या ९० हजार, नांगर-साखळी १ लाख १० हजार, सुरक्षेचे साहित्य १ लाख ६० हजार, बॅटरी-सोलर ८० हजार, गॅस ३५ हजार, बोट वर काढून तळाचा रंग ९५ हजार. लाइफराफ्ट, म्हणजे बोट बुडाली तर चढायचा फुगणारा तराफा, घेतला नाही. दिवसाच प्रवास, किनाऱ्यापासून सहा मैलांच्या आत आणि ४०६ मेगाहर्ट्झचा नोंदणी केलेला ईपर्ब (उपग्रहामार्फत संकटाचा संदेश देणारे यंत्र), या अटींवर तो वगळला. हा निर्णय आम्हाला काठावरचा वाटतो.

निर्णय चौथा: फ्रीज, बॅटरी आणि बर्फ

हिशेब पत्नीने मांडला. फ्रीज आपल्या उकाड्यात दिवसाला ५५ ते ६० अँपिअर-तास ओढतो. पंखे १५, दिवे ५, फोन-लॅपटॉप १५, नांगराचा दिवा आणि उपकरणे मिळून १०. एकूण शंभराच्या वर. दोनशे वॉटचे सोलर पॅनेल, साडेचार तासांचे चांगले ऊन आणि पाऊण कार्यक्षमता धरली, तर दिवसाला ५३ अँपिअर-तास देते. म्हणजे फ्रीज हवा तर दुप्पट पॅनेल आणि मोठी बॅटरी.

त्यांनी फ्रीज काढून त्या जागी जाड इन्सुलेशनची पेटी केली. कोकणातल्या मासळी बंदरांत बर्फ मिळतो, दोन दिवसांना एक लादी पुरते. शंभर अँपिअर-तासांच्या दोन साध्या बॅटऱ्या निम्म्यापर्यंतच वापरायच्या, हे गणित मग जुळले. स्वयंपाकाला प्रेशर कुकर, तोही लहान: गॅस वाचतो आणि बोट कलली तरी आमटी सांडत नाही.

निर्णय पाचवा: नांगर

आधीच्या मालकाचा नांगर दहा किलोचा, आठ मीटर साखळी आणि पुढे जुनी नायलॉनची दोरी. डिसेंबरात मांडवीच्या मुखाशी सरावाला नांगरले असता ओहोटी फिरली, बोट वळली, नांगर उपटला आणि बोट दीडशे मीटर घसरली. दिवस होता, इंजिन सुरू होते, नुकसान झाले नाही.

कारण साधे होते. नांगर वजनाने धरत नाही, तळाला आडवा ओढला गेला तरच रुततो. त्यासाठी साखळी लांब आणि जड हवी. नव्याने पंधरा किलोचा नांगर आणि आठ मिलिमीटरची चाळीस मीटर साखळी घेतली, तिचेच वजन ५५ किलोच्या पुढे जाते. किती सोडायची याचा हिशेब कागदावर केला. ओहोटीला खोली ४ मीटर, उधाणाची भरती अडीच मीटर, बोटीच्या नाकाची पाण्यापासून उंची एक मीटर, एकूण साडेसात. त्याच्या पाचपट म्हणजे साडेसदतीस मीटर. नवशिके डेप्थ मीटरवरचा आकडा पाचने गुणतात आणि भरती व नाकाची उंची विसरतात. या हिशेबात तिथेच साडेसतरा मीटर साखळी कमी पडते.

नांगर टाकल्यावर इंजिन मागे घेऊन हळूहळू जोर द्यायचा आणि किनाऱ्यावरची दोन ठिकाणे एका रेषेत धरून मिनिटभर बघायची. रेषा हलली नाही तर इंजिन बंद. हे काम पत्नीचे ठरले, पती पुढे साखळीवर.

माणूस पाण्यातून वर काढणे

पतीचे वजन ८४ किलो, पत्नीचे ५६. पाण्यात पडलेल्यापर्यंत बोट परत नेणे निम्मे काम. भिजलेला, दमलेला माणूस सव्वा मीटर उचलून डेकवर घेणे हे उरलेले निम्मे. सरावाला वीस लिटरचे चार भरलेले कॅन जाळ्यात बांधून पाण्यात सोडले. पत्नीला ते वर घ्यायला पहिल्यांदा २३ मिनिटे लागली. मग मेनसेल वर ओढायच्या दोरीला चारपट ताकदीची कप्प्यांची जोडी लावली, दोरीचे टोक विंचवर, म्हणजे दोरी ओढायच्या हातरहाटावर, घेतले, आणि वेळ सात मिनिटांवर आली.

या सरावानंतर लाइफजॅकेटवर वाद उरला नाही. मुलांना वजनाप्रमाणे, पायांतून घ्यायच्या पट्ट्यासह, डेकवर पाऊल ठेवण्याआधी. कठड्याच्या तारांना जाळी. केबिनबाहेर एकटे असताना मोठ्यांनीही हार्नेस, म्हणजे बोटीला जोडून ठेवणारा अंगावरचा पट्टा, अडकवायचा.

प्रत्यक्ष हंगाम

डिसेंबरच्या मध्याला ते बोटीवर राहायला गेले. थंडीच्या महिन्यांत कोकणात सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, तो दहा-अकराला पडतो, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा चढतो. गोव्याहून उत्तरेला जायचे म्हणजे दुपारी वाऱ्याच्या तोंडाला, आखूड चढ्या लाटांत. म्हणून उजाडताच निघायचे आणि दुपारी एकच्या आत नांगरायचे. साडेचार नॉटने सहा तास म्हणजे २७ सागरी मैल, हीच मर्यादा. त्याहीआधी, अंधारात निघाले तर अंतर वाढते, पण अंधारात जाळ्यांचे बोये दिसत नाहीत.

आग्वाद ते वेंगुर्ला, वेंगुर्ला ते मालवण आणि मालवण ते देवगड या टप्प्यांना पगारी तांडेल सोबत होता. मालवणात सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक, तिथे त्याची खरी किंमत कळली. देवगडला तो उतरला.

देवगड ते विजयदुर्ग अवघे अकरा मैल, पहिला एकट्याचा टप्पा. निम्म्या वाटेत वारा पडला, इंजिनावर जाताना पाण्याखालच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळे अडकले आणि इंजिन बंद पडले. पत्नीने किल्ली काढून खिशात टाकली, खोली १२ मीटर बघून नांगर सोडायला लावला, मुलांना आत बसवले. पती हार्नेसला दोरी बांधून उतरले आणि दातेरी सुरीने तासाभरात जाळे कापले. चाळीस मीटर साखळी बारा मीटर खोलीला तीनपट जेमतेम भरते, शांत पाणी म्हणून चालले.

विजयदुर्गाच्या खाडीत तीन आठवडे मुक्काम झाला. अभ्यास सकाळी दोन तास, मग किनारा. पुढे रत्नागिरी साधारण २७ मैल, सगळे वाऱ्याच्या तोंडाला. जाऊन परत यायला चांगल्या हवेचे दोन वेगळे दिवस हवेत, आणि मार्चअखेर गोव्यात पोहोचणे परीक्षेमुळे ठरलेले. इंकॉइस या सरकारी समुद्रमाहिती केंद्राच्या अंदाजात आठवडाभर दुपारचा वारा नेहमीपेक्षा जोराचा होता. त्यांनी रत्नागिरी सोडली. आमच्या मते पूर्ण हंगामातला हा सगळ्यात चांगला निर्णय. तारीख गाठायची म्हणून माणसे नको त्या दिवशी बंदर सोडतात.

परतीला वारा पाठीशी होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोट गोव्यात यार्डात वर काढली. मूळ बेतात ती मेअखेरपर्यंत पाण्यात ठेवायची होती. २०२१ साली तौक्ते चक्रीवादळ मेच्या मध्यालाच गोवा-कोकणच्या किनाऱ्याजवळून गेले, हे पाहून तो बेत बदलला.

वेगळे काय करता आले असते

टोकन देण्याआधी तपासणी झाली असती तर तारा आणि कॉक यांचे किमान दोन लाख सौद्यात सुटले असते. माणूस वर काढण्याचा सराव बोट घेतल्यावर चौथ्या महिन्यात झाला, तो भाड्याच्या बोटीवरच करता आला असता.

मोठी उणीव कसोटीतच राहिली होती. पत्नीला शिडे, रेडिओ, नांगर आले, इंजिन सुरू-बंद करता आले. इंजिन बंद पडले तर काय, हे कुणी विचारले नाही, कारण घरात मेकॅनिक होता. विजयदुर्गात पती तापाने पडले असताना एक ट्रॉलर फार जवळ नांगरला. पत्नीने नांगर उचलून बोट हलवायला घेतली आणि दहा मिनिटांत इंजिन मेले. तिने लगेच पुन्हा नांगर टाकला, साखळी पूर्ण सोडली, बोट सुरक्षित राहिली. पण डिझेलमध्ये कॅनमधून पाणी आले होते, फिल्टर बदलून हवा काढावी लागणार होती, आणि ते तिला येत नव्हते. दुसऱ्या दिवशी गावातून मेकॅनिक आला.

पावसाळ्यात कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये भंगारातून आणलेले दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन स्टँडवर बसवले आहे. पत्नी आणि थोरली त्यावर सराव करतात. आधी पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरची काचेची वाटी रिकामी करायची. फिल्टर बदलला की त्याच्या डोक्यावरचा स्क्रू दीड फेरा सैल करायचा, हाताच्या पंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल ओढायचे, स्क्रू घट्ट करायचा. मग तेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूला. इंजिन पकडत नसेल आणि स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागत असेल, तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवायचा. नाहीतर न पेटलेल्या इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये पाणी साचून सिलिंडरमध्ये उलटे शिरते. इंजिन पकडताच तो कॉक उघडायचा, नाहीतर पंपाचे रबरी पाते काही मिनिटांत जळते. हे विसरू नये म्हणून कॉक बंद करतानाच किल्लीला लाल पट्टी अडकवायची आणि तो उघडल्यावरच काढायची, असा नियम त्यांनी केला आहे.